मांडूळ

लाईट आली तशा शेडमधल्या बायका एकदम ओरडल्या, "आली गं बया, आली!"

डोक्यावरचा पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. भादव्याचं ऊन, वर तापलेला पत्रा, आणि खाली डाळिंबांच्या ढिगाभोवती बसलेल्या आम्ही बायका. मोठं फळ एका क्रेटमध्ये, मधलं दुसऱ्यात, तडकलेलं मागं. माझी आई हणमंतनानांच्या या शेडमध्ये रोज कामाला यायची. मी बारावीला होते, म्हणून फक्त रविवारी.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाली, "बघ. तुझं अण्णा खांबावर चढलं न्हाईत तवर लाईट आली."

"मग!" शेवंताकाकू म्हणाली. "बबनभावजींचा हातच तसा हाय. नुसतं तारंकडं बघितलं तरी करंट येतुया."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आई एवढी खुशीत मला नंतर कधी दिसली नाही.

बाहेर ट्रकचं इंजिन चालूच होतं, त्यामुळे पहिली आरोळी कुणाला ऐकू आली नाही. दुसरी आली. एक हमाल दारात येऊन उभा राहिला आणि आईकडं बघायचं टाळून म्हणाला, "बबन्या पडलाय खांबावरनं."

शेडच्या मागं नानांचा बंगला आणि बंगल्याच्या कोपऱ्यावर लाईनीचा शेवटचा खांब. तिथून पुढं नुसतं माळरान. त्या खांबावर एकट्या नानांचाच जोड होता. आम्ही पळत गेलो तेव्हा शिडी खांबाला टेकलेली होती आणि शिडीच्या पायथ्याशी अण्णांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. अण्णा उताणे पडले होते. उजव्या हाताची बोटं आत वळलेली, आणि शर्टाच्या खिशातून चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज डोकावत होते.

आईनं त्यांच्या अंगावर लोळण घेतली. मला रडू आलं नाही. वर बघायची हिंमत नव्हती म्हणून मी खालीच बघत राहिले, आणि मला सगळ्यांचे पाय दिसले. हमालांचे अनवाणी, धुळीनं भरलेले. ड्रायव्हरचे सँडल. आमच्या कॉलेजातल्या कोळवले सरांचे काळे बूट. आणि बंगल्यातून पळत आलेल्या नानांचे, दोन्ही पायांत करकरीत कोल्हापुरी चपला घातलेले.

नाना छातीवर हात मारून म्हणाले, "आरं बबन्या, काय केलंस रं हे!"

काय केलंस, असं अण्णांनाच विचारत होते.

*

अण्णा आमच्या गावचे वायरमन. वीज कंपनीचे नव्हेत, गावचे. शिक्षण चौथी. कंपनीचा माणूस यायला आठवडा लागायचा, अण्णा हाक मारली की यायचे. कागदोपत्री त्यांना खांबाला हात लावायचासुद्धा अधिकार नव्हता. हे गावाला ठाऊक होतं, कंपनीच्या लोकांनाही ठाऊक होतं, आणि सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

ते दिवस भारनियमनाचे. दिवसातून निम्मा वेळ लाईट नसायची. डाळिंबावर ज्यांच्या हाती पैसा आला होता त्यांनी पेट्रोलवरचे छोटे जनरेटर आणले. आता जनरेटरची वीज घरात न्यायची तर मधे चेंजओव्हर स्विच बसवावा लागतो, म्हणजे एक तर खांबावरची वीज घरात येते, नाही तर जनरेटरची. दोन्हीची गाठच पडत नाही. अण्णा हे घरोघर सांगून थकले. लोक म्हणाले, "बबन, तू कायतरी जुगाड कर की."

मग अण्णांनी जुगाड केला. एक वायर घेतली आणि तिच्या दोन्ही टोकांना पिना बसवल्या. एक पिन जनरेटरला लावायची, दुसरी घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये खुपसायची. झालं, सगळं घर उजळलं. दोन्हीकडून तोंड असलेली ती वायर बघून कुणीतरी दुतोंड्या सापावरून तिचं नाव मांडूळ ठेवलं, आणि तेच गावभर झालं. "बबन, मला बी एक मांडूळ करून दे" म्हणत लोक घरी यायचे. खऱ्या मांडुळामागंही लोक लागतातच, धन मिळतं म्हणून.

पण त्यात एक मेख होती. मांडूळ लावण्याआधी घराचा मेन स्विच पाडला नाही, तर जनरेटरची वीज घरात न थांबता मीटरमधून उलटी खांबावर चढते. सगळ्या गावाला वाटायचं, वीज खांबावरून घरात येते. घरातून खांबावर कशाला जाईल? ओढ्याचं पाणी कधी डोंगर चढतं का? अण्णांना मात्र या गोष्टीची धास्ती होती, कारण खांबावर चढणारा माणूस एकटाच होता.

म्हणून त्यांनी एक नियम काढला. मेनचं हँडल खाली पाडायचं, पायातली एक चप्पल काढून तिच्या अंगठ्यात ते हँडल अडकवायचं, आणि मगच मांडुळाला हात लावायचा. जनरेटर चालू आहे तोवर एका पायानं अनवाणी फिरायचं.

"पायाला खडा टोचला की मेन ध्यानात ऱ्हातोय," अण्णा म्हणायचे. "वही-पेन्सिलीनं न्हाई ऱ्हात."

गाव आधी हसलं, मग ते अंगवळणी पडलं. पुढं पुढं तर त्यालाही मोठेपणा चिकटला. एका चपलेनं कुणी चावडीवर आला की लोक म्हणायचे, शेठकडं जनरेटर चालू झाला वाटतं. काही जण लाईट आल्यावरही तासभर तसेच मिरवायचे.

नानांना मात्र हे पटलं नाही. ते आमच्या शाळा-कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्षानं एका चपलेनं फिरायचं म्हणजे काय! अण्णा मांडूळ द्यायला गेले तेव्हा मी बरोबर होते. अण्णांनी सगळं समजावून सांगितलं, तर नाना म्हणाले, "बबन्या, मला अक्कल शिकवू नगंस. मेन पाडायचा एवढंच ना? मग चपलेचं काय सोंग?"

"नाना, सोंग न्हाई," अण्णा म्हणाले. "माझं पोट हाय त्यात."

"बरं बरं," नाना म्हणाले आणि मांडूळ आत घेऊन गेले.

*

कोळवले सर आम्हाला पदार्थविज्ञान शिकवायचे. तालुक्यात तसा शिक्षक नव्हता, हे मी आजही म्हणेन. राग वेगळा आणि खरं वेगळं. नानांच्या संस्थेत ते तात्पुरते होते. येत्या जूनला तुम्हाला कायम करतो, असं नाना दर वर्षी जूनमध्येच म्हणायचे. रविवारी सर बंगल्यावर जाऊन नानांच्या मुलाची शिकवणी घेत. त्या रविवारीही ते तिथंच होते, व्हरांड्यात, जिथं मेन स्विच आहे त्याच भिंतीला टेकून.

विजेचा धडा त्यांनी कसा शिकवला, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. फळ्यावर त्यांनी बॅटरी काढली, बल्ब काढला, आणि धन टोकाकडून ऋण टोकाकडं जाणारा बाण काढला.

"हा विद्युतप्रवाह," ते म्हणाले. "आणि हा बाण उलटा आहे."

मुलं एकमेकांकडं बघायला लागली.

"वीज कळली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीत नव्हता. कुठून कुठं काय वाहतंय ते दिसत नव्हतं. पण बाण तर काढायला हवा! मग अंदाजानं एका बाजूला धन म्हटलं, दुसरीला ऋण, आणि काढला बाण. पुष्कळ वर्षांनी इलेक्ट्रॉन सापडला. बघतात तर तो ऋणाकडून धनाकडं चाललेला. बाणाच्या बरोबर विरुद्ध."

मी उभी राहिले. "सर, मग बाण फिरवला का नाही?"

सर हसले. "सगळ्यांना सवय झाली होती, रोहिणी. पुस्तकं छापून झाली होती. आणि अडत काहीच नाही. बाण असा धरा, तसा धरा, गणिताचं उत्तर तेच येतं."

मग त्यांनी आणखी गंमत सांगितली. तारेतले इलेक्ट्रॉन गोगलगायीपेक्षाही हळू सरकतात. आणि आपल्या घरातल्या विजेत तर ते पुढं सरकतसुद्धा नाहीत, जागच्या जागी मागंपुढं हलत राहतात. मग बटण दाबताच बल्ब कसा लागतो? सरांनी वर्गाला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "ठिबकची नळी भरलेली असली की विहिरीवर मोटार चालू करताच शेवटच्या झाडाखाली थेंब पडतो. तो थेंब काही आत्ता विहिरीतून निघालेला नसतो. नळीत होताच. इकडून रेटा बसला, तिकडं थेंब पडला. तारही तशीच आहे. इलेक्ट्रॉन तिच्यात कायमचेच असतात, लाईट असो वा नसो. ते नुसते असतात तेव्हा वीज नसते. त्यांना रेटा बसला की वीज."

संध्याकाळी मी हे सगळं अण्णांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हंजी वायरमधलं ते वायरचंच? धरणावरनं कायसुदिक येत न्हाई?"

"नुसता रेटा येतो, अण्णा."

"आन् माणसाला शॉक बसतोय तवा?"

मी हेही सरांना विचारलं होतं. "माणसाच्या अंगात मिठाचं पाणी असतं. त्यातले कण हलतात. तेही बाहेरून येत नाहीत, आपलेच असतात."

अण्णा बराच वेळ हसले. "बघ की गं," ते आईला म्हणाले, "म्हंजी माणूस सोताच्याच मिठानं मरतुया. आन् आपून उगं कंपनीला शिव्या देतोय."

"जेवताना मरणाच्या गोष्टी नका करू," आई म्हणाली. अण्णांनी तिच्या ताटातली मिरची उचलली आणि मला म्हणाले, "तुझं सर लई भारी माणूस दिसतोय. एकदा घरी जेवायला बोलीव."

सर एकदा जेवायला आलेही. अण्णांनी त्यांना चपलेचा नियम सांगितला, तर सरांनी ताटावरचा हात थांबवून मनापासून दाद दिली. म्हणाले, "बबनराव, हे तुम्हाला कुणी शिकवलं? हे पुस्तकात घालायला हवं." अण्णा पुढं कितीतरी दिवस हे वाक्य गावाला ऐकवत होते.

*

सावडण्याच्या दिवशी दुपारी हवालदार जबाब घ्यायला आले. नानांच्या अंगणातल्या लिंबाखाली खुर्च्या टाकल्या होत्या. सरणाची लाकडं नानांच्या मळ्यातून आली होती, भटजी नानांनी बोलावला होता, पाहुण्यांचा चहा नानांच्या घरून येत होता. निम्मं गाव जमलं होतं. आई खाली पोत्यावर बसली होती आणि मी तिच्यामागं उभी होते. गावात कुजबुज होती की बबननं फ्यूज काढले नाहीत, पिऊन चढला होता. अण्णा माळकरी होते. ती कुजबुज कुठून निघाली, ते मला विचारू नका.

आईनं पदराची गाठ सोडली आणि ते तिन्ही फ्यूज हवालदारांच्या पुढं ठेवले. "हे त्येंच्या खिशात हुतं, साहेब. लाईनवर जाताना ते कायम डीपीवरचं फ्यूज काढून खिशात टाकायचं, मागनं कुणी लावू नये म्हनून. ह्यात त्येंची काय चूक?"

हवालदारांनी फ्यूज उलटेपालटे करून बघितले. "मग फ्यूज हितं, तर करंट आला कुठनं?"

हमालांनी माना खाली घातल्या. फ्यूज अण्णांच्या खिशात असताना शेडमधला पंखा फिरत होता, हे त्यांनाही ठाऊक होतं, शेवंताकाकूलाही.

नाना शांतपणे म्हणाले, "लपवायचं काय कारण न्हाई, साहेब. ट्रक दारात उभा, माल नासत होता. मी जनरेटर लावला. पर मेन पाडूनच. त्याचा काय संबंध न्हाई. हे आमचं सर, विज्ञानाचं. म्या सांगण्यापरीस त्येंनाच इचारा."

सर खुर्चीच्या कडेला बसले होते. ते उठून उभे राहिले.

"काय वो सर," हवालदार म्हणाले, "जनरेटरमधनं निघून खांबापर्यंत जाईल का हो ही वीज?"

सरांनी घसा खाकरला. "विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, फार सावकाश सरकतात," ते म्हणाले. वर्गात बोलत तसंच, स्पष्ट आणि ठाशीव. "गोगलगायीपेक्षाही हळू. आणि या प्रकारच्या विजेत तर ते पुढं जातच नाहीत. जनरेटरमधला इलेक्ट्रॉन खांबापर्यंत पोहोचणं शक्य नाही."

लोकांत हलकासा आवाज झाला. कुणीतरी म्हणालं, "बघा."

"मग तारंत करंट कुठला?"

"तारेत इलेक्ट्रॉन कायमच असतात," सर म्हणाले. "लाईट असो वा नसो."

"म्हंजी फ्यूज काढला तरी तारंत उरतंयच की कायतरी," हवालदार म्हणाले. "चढायच्या आधी तार भुईला लावून मोकळी करून घ्यायची. ती त्यानं केली न्हाई. आसंच ना?"

सरांची नजर हवालदारांच्या वहीवर गेली. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. हवालदार लिहू लागले.

मी तोवर ऐकत होते. सरांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळी वाक्यं मला पाठ होती. ती मीच घरी नेऊन अण्णांना ऐकवली होती.

"सर," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "मग बटण दाबल्यावर बल्ब लगेच का लागतो?"

सरांनी माझ्याकडं बघितलं.

"तुम्हीच विचारलं होतं वर्गात. ठिबकची नळी. इलेक्ट्रॉन नुसते असतात तेव्हा वीज नसते, असं तुम्हीच सांगितलं. त्यांना रेटा लागतो. अण्णांनी टेस्टर लावून बघितल्याशिवाय कधी तारेला हात लावला नाही. तार थंड होती. मग मधेच रेटा कुणी दिला, सर?"

"पोरीला आत न्या कुणीतरी," नाना म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, तिचा बाप गेलाय," हवालदार म्हणाले. "बोल पोरी. तुझं म्हननं काय?"

"मेन पाडलेला नव्हता."

"आगं, पाडला हुता," नाना म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला. "तुझ्या बापानं सांगितल्याली चप्पलसुदिक अडकवली हुती हँडलाला. आजून काय करायचं माणसानं?"

"नाना, तुम्ही पळत आलात तेव्हा तुमच्या दोन्ही पायांत चपला होत्या."

अंगणात एकदम सामसूम झाली. हवालदारांना त्या सामसुमीचा अर्थ कळला नाही. ते परगावचे. पण गावाला कळला. माझ्या समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं आधी नानांच्या पायांकडं बघितलं, मग स्वतःच्या.

एका हमालानं हवालदारांना हळू आवाजात चपलेचा नियम सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आरं, मग हे तर सोपं हाय. तिथं जवळ कोण हुतं त्या येळेला?"

"मी होतो," सर म्हणाले. त्यांना म्हणावंच लागलं, कारण सगळे त्यांच्याकडंच बघत होते.

"मेनपाशी?"

"हो. शिकवणी घेत होतो."

"मग सांगा की. चप्पल अडकवली हुती का न्हाई?"

मी सरांकडं बघत राहिले. माझी त्यांच्यावर एवढी श्रद्धा होती की मला भीती वाटली नाही. मला वाटलं, आता सगळं संपलं, सर सांगतील. वाक्यं फिरवणं वेगळं आणि डोळ्यांनी बघितलेलं नाकारणं वेगळं. आमच्या घरी जेवलेला माणूस. हे पुस्तकात घालायला हवं म्हणणारा माणूस.

नाना सरांकडं बघतही नव्हते. ते लिंबाच्या शेंड्याकडं बघत होते.

"होती," सर म्हणाले. "मी पाहिली."

"मग दोन्ही पायांत चपला कशा?"

"पळत येताना काढून घातली असेल," सर म्हणाले. "माणूस अशा वेळी... लक्षात राहत नाही."

हवालदारांनी पेन उचललं. पुढं त्यांनी काय लिहिलं ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे: परवानगी नसताना खांबावर चढला, तार मोकळी करून घेतली नाही, स्वतःच्या निष्काळजीपणानं मयत झाला. आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही, याखाली आईनं अंगठा उठवला. मी तिचा हात धरला होता. ती म्हणाली, "सोड. आपल्याला ह्याच गावात ऱ्हायचंय."

घरी जाताना वाटेत ती एवढंच बोलली, "सर खाल्ल्या मिठाला जागलं बघ." आणि थोडं पुढं गेल्यावर, "आपल्यातबी जेवलं हुतं की एकदा."

*

तेरावं झाल्यावर मी कॉलेजला गेले. जायचं नव्हतं. आईनं ढकललं. ती स्वतः पुन्हा नानांच्या शेडमध्ये डाळिंबं निवडायला बसली होती. शेवंताकाकूनं मला सांगितलं, पंखा चालू झाला की ती उठून बाहेर उन्हात जाऊन बसायची.

कोळवले सर वर्गात आले. माझ्या बाकाकडं त्यांनी बघितलं नाही. परीक्षा जवळ आली होती, म्हणून तोच धडा उजळणीला घेतला. फळ्यावर बॅटरी काढली, बल्ब काढला, बाण काढला. अक्षर तसंच, सुरेख. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "सर, बाण चुकीचा आहे तर पेपरात कसा काढायचा?"

"असाच काढायचा," सर म्हणाले. "सगळे असाच काढतात. बाण चुकीचा धरला तरी उत्तर बरोबर येतं."

मी उभी राहिले.

"कुणाचं, सर?"

सरांचा हात फळ्यावर तसाच राहिला. वर्गातल्या प्रत्येकाला अंगणातली गोष्ट माहीत होती. सर वळले आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी डस्टर घेतलं, सगळा फळा पुसला, बाण तर दोनदा पुसला, आणि तास संपायला बराच वेळ असताना ते वर्गातून निघून गेले.

मी खिडकीशी धावले. खिडकीतून पटांगण दिसायचं आणि पलीकडं फाटक. फाटकाबाहेर पडलं की डावीकडं पोलीस चौकीची वाट. सर भराभर चालत निघाले होते, उपरण्यानं तोंड झाकल्यासारखा एक हात चेहऱ्यावर धरून. ते फाटकापाशी पोहोचले. फाटकाच्या कडीला त्यांनी हातही घातला. मी मनात म्हटलं, जा सर, जा.

ते तिथं थोडा वेळ थांबले. मग पाण्याच्या टाकीकडं वळले, तोंड धुतलं, रुमालानं पुसलं, आणि शिक्षकांच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात आलो तेव्हा फळ्यावर आकृती आधीच काढून ठेवलेली होती, आणि बाण होता तिथंच होता, त्याच दिशेनं. जूनमध्ये सर कायम झाले. या वेळी नानांनी शब्द पाळला.